बातमी बुरख्यापाशीच का थांबते?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अफगाणिस्तानातल्या बायकांविषयी आपल्या मराठी वर्तमानपत्रांत वर्षातून चार-सहा वेळा बातमी येते. मथळ्यात हटकून ‘फतवा’ असतो आणि शेजारी निळ्या बुरख्यातल्या तीन-चार पाठमोऱ्या बायकांचे छायाचित्र. छायाचित्र खरे असते, मथळा बहुधा चुकलेला. फतवा म्हणजे विचारलेल्या प्रश्नावर मुफ्तीने दिलेले मत. कंदाहार-काबूलहून निघतात ती फर्माने. त्यांवर तालिबानचे सर्वोच्च नेते अमीर हिबतुल्ला अखुंदजादा यांचा शिक्का असतो, नाहीतर एखाद्या मंत्र्याचे दोन-चार ओळींचे पत्र असते, आणि कित्येकदा तेही नसते, नुसता तोंडी निरोप असतो. हा शब्दांचा कीस वाटेल, पण फतव्यावर दुसऱ्या आलिमाचे (धर्मपंडिताचे) मत घेता येते. तोंडी निरोपावर अपील कुठे करायचे?

आणि बुरखा हा या कारभाराचा सर्वांत दिसणारा, पण सर्वांत वरवरचा भाग आहे. खरी यंत्रणा घरातल्या पुरुषावर बसवलेली आहे.

७ मे २०२२ चे हिजाबचे फर्मान नीट वाचले तर त्यात बाईला शिक्षा जवळजवळ नाहीच. डोळे सोडून चेहरा झाकावा, त्यासाठी ‘चादरी’ (निळ्या बुरख्याला तिकडे हाच शब्द आहे) उत्तम, आणि त्याहून उत्तम म्हणजे कामाशिवाय घराबाहेरच पडू नये, असे सांगून झाल्यावर फर्मान वळते ते बाप, भाऊ, नवऱ्याकडे. पहिल्यांदा नियम मोडला तर घर शोधून काढून त्याला समज. दुसऱ्यांदा संबंधित खात्यात बोलावणे. तिसऱ्यांदा तीन दिवस तुरुंग. चौथ्यांदा न्यायालय. तो सरकारी नोकर असेल आणि बायको-मुलगी ऐकत नसेल, तर त्याला नोकरीतून निलंबित केले जाते. म्हणजे लाखो घरांवर पहारा ठेवायला लागणारे मनुष्यबळ सरकारला उभे करावे लागत नाही, ते प्रत्येक घरात आयते बसलेले असते. ज्या बापाने २०२१ पर्यंत मुलीला हौसेने शाळेत धाडले, तोच आता दारात उभा राहून तिच्या ओढणीची टोके तपासतो. त्याचे मत बदललेले नसते, त्याची नोकरी पणाला लागलेली असते. आपल्याकडे सरदार-इनामदारांच्या घरात गोषा होता, त्यात घराण्याचा तोरा होता. इथे घराण्याला विचारतो कोण?

हाच हिशेब पुढे शिंपी, दुकानदार, टॅक्सीवाला, हॉटेलवाला, दवाखान्याचा दरवान यांना लावलेला आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये ३५ कलमांचा ‘अम्र बिल मारूफ’ (सदाचाराचा आदेश) कायदा प्रसिद्ध झाला. त्यात मुहतसिब, म्हणजे पांढरा डगला घालून बाजारात फिरणारा निरीक्षक, काय काय करू शकतो ते सांगितले आहे: उपदेश, ताकीद, धमकी, माल जप्त करणे, एका तासापासून तीन दिवसांपर्यंत डांबून ठेवणे, आणि त्यानेही भागले नाही तर न्यायालय. आपल्याकडे तेव्हा ‘बायकांच्या बोलण्यावर बंदी’ असे छापून आले. १३ व्या कलमाचा शब्दशः रोख गाण्यावर आणि चारचौघांत मोठ्याने पठण करण्यावर आहे, बाजारात भाव विचारण्यावर नाही. पण बाईचा आवाज ही झाकून ठेवायची गोष्ट आहे, असे एकदा कायद्यात आले की किती मोठा म्हणजे मोठा हे ठरवणार तो मुहतसिब. कायदा मुद्दामच सैल विणलेला आहे. सैल जाळ्यात मासे जास्त अडकतात, कारण जाळे कुठे संपते तेच कळत नाही.

हे मुहतसिब ज्या सदाचार खात्याचे, त्या खात्याला इमारत कोणाची मिळाली, हेही लक्षात ठेवण्यासारखे आहे. सप्टेंबर २०२१ मध्ये काबूलमधल्या महिला मंत्रालयाची पाटी उतरवून त्याच फाटकावर याची पाटी लावली गेली.

आता महरम, ज्याच्याशिवाय बाईने प्रवासाला निघायचे नाही. मराठी बातमीत याचे भाषांतर ‘पुरुष नातेवाईक’ असे होते, आणि तिथेच सगळा अर्थ सांडतो. महरम म्हणजे नवरा, किंवा ज्याच्याशी लग्न कधीच होऊ शकत नाही असा पुरुष. बाप, आजा, भाऊ, मुलगा, नातू, चुलता, मामा, पुतण्या, भाचा, सासरा, जावई हे चालतात. चुलतभाऊ, मामेभाऊ, आतेभाऊ, मावसभाऊ चालत नाहीत, कारण तिकडे अशा भावंडांत सर्रास लग्ने होतात. दीर चालत नाही. बहिणीचा नवरा चालत नाही. चाळीस वर्षे युद्धे झालेल्या देशातल्या विधवेची कल्पना करा. नवरा गेलेला, भाऊ मजुरीला इराणला, मुलगा सात वर्षांचा, आणि ती राहते दिराच्या एकत्र घरात. ज्याच्या चुलीवर तिची भाकरी भाजली जाते, तो माणूस कायद्याच्या लेखी तिचा कोणी नाही. त्याच्याबरोबर ती दवाखान्यात निघाली तर नाक्यावर दोघेही अडकतात.

डिसेंबर २०२१ च्या आदेशात ७२ किलोमीटर (संयुक्त राष्ट्रांच्या कागदांत ७८) या अंतरापुढे महरमशिवाय बाईला गाडीत घेऊ नये, असे चालकांना सांगितले. म्हणजे काबूलहून उत्तरेला चारिकारपर्यंत जेमतेम जाता यावे. पूर्वेला जलालाबाद सुमारे दीडशे किलोमीटर, साधारण आपले पुणे–मुंबई. तिथे एकटीने जायचे नाही. कागदावर शहरातल्या शहरात मोकळीक आहे. पण दंड टॅक्सीवाल्याला, गाडी अडकते टॅक्सीवाल्याची. तो कशाला अंतर मोजत बसेल? पाच किलोमीटरच्या फेरीलाही तो काच खाली करून आधी विचारतो, बरोबर कोण आहे? कोणी नाही म्हटले की गाडी पुढे. मार्च २०२२ पासून विमानालाही हाच नियम लागला. २०२३ च्या ऑगस्टमध्ये दुबईत शिकायला निघालेल्या, शिष्यवृत्ती मिळालेल्या मुलींना काबूल विमानतळावरून परत पाठवले, तेव्हा काहींच्या बरोबर महरमसुद्धा होता.

पैशाचा हिशेब करून पाहा. बाईला तपासणीसाठी तालुक्याहून शहरात जायचे तर दोन तिकिटे, शिवाय बरोबरच्या माणसाची दोन दिवसांची मजुरी बुडाली. म्हणून पहिल्या दुखण्याला कोणी निघत नाही, असह्य झाल्यावर निघतात. हा आजार वाढण्याचा रस्ता कुठल्याही फर्मानात लिहिलेला नाही, तो आपोआप तयार झाला आहे.

शाळेविषयी आपल्याकडे ‘मुलींच्या शिक्षणावर बंदी’ एवढेच छापतात. बंदी सहावीनंतर आहे, आणि ती कशी आली हे सांगण्यासारखे आहे. सप्टेंबर २०२१ मध्ये शिक्षण खात्याने माध्यमिक शाळेतल्या मुलांनी व शिक्षकांनी हजर व्हावे असे पत्रक काढले. मुलींचा त्यात उल्लेखच नव्हता. बंदी घातली गेली ती न उच्चारता. २३ मार्च २०२२ ला शाळा उघडणार असे जाहीर झाले, मुली दप्तरे घेऊन वर्गात जाऊन बसल्या आणि काही तासांत त्यांना घरी पाठवले. कारणे दिली गेली गणवेशाची, वातावरणाची. तो ‘योग्य’ गणवेश अजून कोणी दाखवलेला नाही. २० डिसेंबर २०२२ ला विद्यापीठे बंद झाली. गंमत पाहा, त्याच महिन्यात बारावीच्या मुलींना परीक्षेला बसू दिले होते. वर्षभर वर्ग नाही, पण परीक्षा आहे, आणि ती पास होऊन पुढे जायला दार नाही. युनेस्कोच्या २०२४ च्या गणतीप्रमाणे किमान १४ लाख मुली अशा रीतीने माध्यमिक शाळेबाहेर ठेवल्या गेल्या.

काही मुली सहावीत मुद्दाम नापास होतात. पेपर येत असतो, उत्तरे ठाऊक असतात, तरी कोरी सोडतात. कारण नापास झाले तर आणखी एक वर्ष वर्ग, फळा, मैत्रिणी. शिक्षिकांनाही हे कळते, त्या काही बोलत नाहीत.

पुढचे शिक्षण घरातल्या वर्गांत चालते. मुलींनी एकदम यायचे नाही, पाच-दहा मिनिटांच्या अंतराने यायचे. पिशवीत वरती कुराण, खाली गणिताचे पुस्तक. कोणी विचारले तर मदरशाला चालले. मदरशाला वयाची अट नाही. दुसरा रस्ता उपग्रह वाहिनीचा. पॅरिसहून चालणारी ‘बेगम टीव्ही’ मार्च २०२४ पासून सातवी ते बारावीचे धडे दारी आणि पश्तो या तिथल्या दोन मुख्य भाषांत दाखवते. काबूलमधल्या ‘रेडिओ बेगम’वर फेब्रुवारी २०२५ मध्ये छापा पडला, प्रक्षेपण बंद केले गेले, काही आठवड्यांनी परवानगी परत मिळाली. इंटरनेटवर भिस्त ठेवणाऱ्यांना सप्टेंबर २०२५ ने धडा दिला: आधी बल्खसारख्या प्रांतांत फायबरची जोडणी तोडली, मग महिनाअखेरीस सुमारे दोन दिवस सगळ्या देशाचे इंटरनेट गेले. ऑनलाइन वर्ग हा उपाय आहे, पण त्याची किल्ली दुसऱ्याच्या खिशात आहे.

सगळ्यात कमी लिहिले जाते ते या दोन गोष्टींच्या गुणाकाराविषयी. बाईला परपुरुषाने तपासू नये ही सक्ती, आणि बाईने डॉक्टर किंवा सुईण होऊ नये हीही सक्ती. २०२४ च्या सुरुवातीला काही प्रांतांतल्या सरकारी वैद्यकीय संस्थांत बारावी झालेल्या मुलींना घ्यायला परवानगी दिली होती. डिसेंबर २०२४ च्या सुरुवातीला नर्सिंग, सुईणकाम, दंतचिकित्सा, प्रयोगशाळा हे सगळे अभ्यासक्रम मुलींना बंद झाले. तेही तोंडी, संस्थाचालकांना बोलावून सांगितले. आपल्या क्रीडापानाचा लाडका राशिद खान त्या वेळी जाहीरपणे बोलला, देशाला बाई डॉक्टर आणि नर्स हव्यात म्हणाला. त्या देशाला आणखी सुमारे १८,००० सुईणींची गरज असल्याचे संयुक्त राष्ट्रांनी आधीच सांगितलेले होते.

आता बोटांवर मोजा. सहावीला थांबलेल्या मुलीसाठी उद्या सकाळी शाळा उघडली, तरी बारावीला सहा वर्षे. सुईणीचा अभ्यासक्रम कमीत कमी दोन वर्षांचा, म्हणजे आठ. काबूलचा वैद्यकीय अभ्यासक्रम सात वर्षांचा, म्हणजे डॉक्टर व्हायला तेरा. विहिरीचा झरा बुजवला तरी पाणी लगेच आटत नाही, तसे आज काम करणाऱ्या सुईणींवर अजून निभावते आहे. त्या म्हाताऱ्या होतील, स्थलांतर करतील, त्यांच्या जागी येणारी पिढी वर्गातच नाही. आज दवाखाने चालू आहेत असे म्हणणारा अधिकारी खोटे बोलत नसतो, तो फक्त आजचे सांगत असतो.

नोकरीचे थोडक्यात. २४ डिसेंबर २०२२ ला स्वयंसेवी संस्थांत बायकांना काम करण्यास मनाई, एप्रिल २०२३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या कचेऱ्यांतही. आरोग्य आणि शिक्षणाला सवलती मिळाल्या, पण त्या प्रांताप्रांतांत घासाघीस करून, कागदाशिवाय. अधिकारी बदलला की सवलत गेली. परिणाम दारात दिसतो. धान्यवाटपाची यादी करायला पुरुष कार्यकर्ता येतो. घरात कर्ती बाई. तिने दार उघडायचे नाही, त्याने आत यायचे नाही. शेजारच्या पुरुषाला विचारून तो तिचे नाव लिहितो, किंवा लिहीत नाही. ज्या घरात पुरुष नाही म्हणून धान्याची गरज सर्वांत जास्त, तेच घर यादीतून गळते. ज्या बायका सरकारी नोकरीच्या पटावर उरल्या पण घरी बसवल्या गेल्या, त्यांचा पगार जून २०२४ च्या आदेशाने सरसकट ५,००० अफगाणी झाला. प्राध्यापिका असो की शिपाई. जुलै २०२३ मध्ये ब्यूटी पार्लर बंद केली. भुवया कोरणे धर्मात बसत नाही, रंगरंगोटीने वजूचे (नमाजाआधी हात-तोंड धुण्याचे) पाणी कातडीला लागत नाही, आणि लग्नात नवऱ्या मुलाकडच्यांना खर्च पडतो, ही कारणे. तिथल्या महिला उद्योजकांच्या संघटनेने साठ हजार बायकांचा रोजगार जाईल असे म्हटले होते. खर्चाचे कारण ऐकून आपल्याकडचे काही वरपिते मनातून खूश झाले असतील, पण ज्या देशात बायकांना बाग, व्यायामशाळा आणि सार्वजनिक न्हाणीघरे नोव्हेंबर २०२२ पासूनच बंद, तिथे पुरुषांच्या नजरेबाहेर चार जणींनी बसून बोलायची ती शेवटची जागा होती.

डिसेंबर २०२४ चा खिडक्यांचा आदेश तर स्वयंपाकघरापर्यंत आला. नव्या इमारतीला अशी खिडकी ठेवायची नाही जिच्यातून शेजारचे अंगण, स्वयंपाकघर, विहीर किंवा बायका वावरतात अशी जागा दिसेल. जुनी असेल तर समोर भिंत घालावी. वाचताना वाटते, बाईला त्रास होऊ नये म्हणून केले आहे. पण जी दिवसभर घराबाहेर पडत नाही तिच्या चुलीसमोरचा उजेड कोणत्या बाजूने यायचा, हे आदेश काढणाऱ्याने विचारात घेतलेले नाही.

इथे एक गोष्ट संपादकीय पानाला सांगायला हवी. ही माहिती आपल्याकडे बहुधा आपल्याच गल्लीतल्या मुसलमानाला टोमणा मारायला वापरली जाते, मग ती खरीखोटी कशीही चालते. विद्यापीठबंदीनंतर सौदी अरेबिया, कतार, तुर्कस्तान यांनी निषेध केला होता. कैरोच्या अल-अझहरच्या प्रमुखांनी हे शरियाच्या विरुद्ध असल्याचे सांगितले. खुद्द तालिबानचे परराष्ट्र उपमंत्री अब्बास स्तानिकझई जानेवारी २०२५ मध्ये खोस्तच्या सभेत म्हणाले की या शाळाबंदीला धर्मात आधार नाही. काही दिवसांत ते देशाबाहेर गेल्याच्या बातम्या आल्या. हा वाद इस्लामच्या आत किती जोराने चालू आहे, हे वाचकाला कळू द्या. आणि ‘नान, कार, आझादी’ (भाकरी, काम, स्वातंत्र्य) अशा घोषणा देत काबूलच्या रस्त्यावर बंदुकांसमोर उभ्या राहिल्या त्या बायका मुसलमानच होत्या.

आता आपल्याशी संबंध. ऑक्टोबर २०२५ मध्ये तालिबानचे परराष्ट्रमंत्री अमीर खान मुत्तकी दिल्लीत आले. पहिल्या पत्रकार परिषदेला महिला पत्रकार नव्हत्या, गदारोळ झाला, दोन दिवसांनी दुसरी झाली आणि त्या पहिल्या रांगेत बसल्या. आपल्या बहुतेक बातम्या त्या रांगेपाशी संपल्या. त्या परिषदेत मुत्तकी जे बोलले त्याकडे मात्र कमी लक्ष गेले. देशात एक कोटी विद्यार्थी शिकतात, त्यात २८ लाख मुली-स्त्रिया आहेत, शिक्षण आम्ही हराम ठरवलेले नाही, पुढील आदेशापर्यंत थांबवले आहे, असा त्यांचा आशय होता. २८ लाखांचा आकडा ऐकून बंदीची बातमी अतिरंजित वाटावी अशी ही मांडणी आहे. पण त्या आकड्यात सहावीपर्यंतच्या मुली आणि मदरसे आले. सातवीच्या पुढे शाळेत किती, असा एकच उपप्रश्न पुरला असता.

भारत सरकार गहू पाठवते, औषधे पाठवते, काबूलमध्ये आता पुन्हा पूर्ण दूतावास आहे. संबंध ठेवावेत की नाही यावर मला इथे वाद घालायचा नाही. ऑनलाइन पदवीसाठी अफगाण विद्यार्थ्यांना भारताच्या शिष्यवृत्त्या आहेत, ही चांगली गोष्ट. मात्र त्या बारावी झालेल्यांना उपयोगी. बारावी झालेल्या मुलींचा तिकडचा साठा २०२२ च्या त्या परीक्षेनंतर वाढलेलाच नाही म्हटले तरी चालेल. पुढच्या काही वर्षांत या शिष्यवृत्त्यांना मुलींचे अर्जच येणार नाहीत आणि कोणीतरी लिहील की मुलींचा प्रतिसाद कमी आहे. सातवी ते बारावीचे धडे दारीत आणि पश्तोत, मोबाइलच्या मेमरी कार्डावर मावतील असे, इंटरनेट नसताना चालतील असे करणे हे त्यापेक्षा स्वस्त काम आहे. पुण्यात वर्षानुवर्षे अफगाण विद्यार्थी शिकले आहेत. भाषा येणारी माणसे इथेच आहेत.

मुंबईत अफगाणिस्तानचा वाणिज्य दूतावास आहे आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये तालिबानने तिथे आपला प्रभारी नेमला. म्हणजे या विषयावरचा जबाबदार माणूस आपल्या वार्ताहरापासून लोकलच्या अंतरावर आहे. त्यांच्याकडे सुकामेव्याच्या व्यापाराविषयी मुलाखत मागितली जाते तेव्हा दोन-तीन प्रश्न जास्तीचे विचारावेत: सातवी ते बारावीच्या मुलींची पटसंख्या किती, नर्सिंगच्या बंदीचा लेखी आदेश आहे का, असल्यास त्याची प्रत मिळेल का, दिराबरोबर राहणाऱ्या विधवेने दवाखान्यात कोणाबरोबर जायचे. आणि मंत्री म्हणतात त्याप्रमाणे शाळा नुसत्या तहकूब असतील, तर पुढची तारीख कोणती?

आपला,
एक नियमित वाचक,
पुणे